जस्टिस लीग : लांबलेला दोन तासांचा आणि आटोपशीर चार तासांचा

सेमीफास्ट

(स्पॉयलर भरपूर आहेत. सिनेमे येऊन इतकी वर्षं झाली, आता काय लपवायचं!)

गेल्या शनिवारी भाचा राहायला आला होता. वय चौदा. मार्व्हलचं सगळं तोंडपाठ, डीसीबद्दल (ही मार्व्हलची प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपनी, जस्टिस लीग हा तिच्याच सुपरहिरोंचा गट) मात्र 'बॅटमॅन भारी, बाकी ठीक' एवढंच ज्ञान. त्याला म्हटलं, तुला एक गंमत दाखवतो, एकच सिनेमा दोनदा बघू. शनिवारी रात्री २०१७चा, थिएटरात आलेला 'जस्टिस लीग'. रविवारी सकाळी पोहे खाऊन झॅक स्नायडरचा २०२१चा. गोष्ट तीच, नटमंडळी तीच, व्हिलन तोच, त्याला हव्या असलेल्या पेट्याही तीनच (तिन्ही एक झाल्या की जगाचा खेळ खलास). पहिला १२० मिनिटांचा, दुसरा २४२.

शनिवारी पाऊण तासातच पठ्ठ्याने मोबाइल काढला. रविवारी मध्येच जेवायला हाक मारली तर ताट घेऊन परत टीव्हीसमोर. मला म्हणायचंय ते खरं तर एवढंच आहे, पण धागा काढलाच आहे तर थोडं पाल्हाळ लावतो.

ज्यांना मागचं रामायण माहीत नाही त्यांच्यासाठी: स्नायडरचं मुख्य शूटिंग झालेलं होतं. मे २०१७ मध्ये, मुलीच्या मृत्यूनंतर, तो सिनेमातून बाजूला झाला. स्टुडिओने पुढचं काम जॉस व्हेडनकडे दिलं, म्हणजे ज्याने २०१२चा 'द अ‍ॅव्हेंजर्स' केला त्याच्याकडे. मग बरंच काही पुन्हा चित्रित झालं, विनोद पेरले गेले, संगीतकारही बदलला. सिनेमा दोन तासांत बसवा असा वरून हुकूम होता, असं तेव्हा छापून आलं होतं. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. १७ नोव्हेंबरला आला आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जेमतेम साडेनऊ कोटींच्या आसपास थांबला. त्याच वर्षी जूनमध्ये एकट्या 'वंडर वुमन'ने पहिल्या तीन दिवसांत दहा कोटींच्या वर कमावले होते. घरातल्या एकट्या पोरीला जे जमलं ते अख्ख्या खानदानाला मिळून जमलं नाही.

आता सुपरमॅनच्या मिशीबद्दल बोलायलाच हवं. फेरचित्रीकरणाच्या वेळी हेन्री कॅव्हिल 'मिशन इम्पॉसिबल'च्या पुढच्या भागात काम करत होता आणि त्यासाठी त्याने झुपकेदार मिशी ठेवली होती. त्या सिनेमाचा स्टुडिओ वेगळा, त्यांनी मिशी काढायला नकार दिला. मग मिशीसकट शूटिंग करून ती कंप्युटरवर पुसली. अगदी पहिल्याच दृश्यात मुलं मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतात, तिथे बघा. दाढ काढून आल्यावर वरचा ओठ बधिर असतो ना, आपण हसतो पण ओठ आपल्याबरोबर येत नाही, तसा तो हसतो. भाचा म्हणाला, "मामा, ह्याच्या तोंडाला काय झालंय?" त्याला मिशीचं काहीही माहीत नव्हतं बरं का.

पण मिशी हा किरकोळ गुन्हा. खरा घात झालाय तो सायबॉर्गचा.

२०१७च्या सिनेमात व्हिक्टर स्टोन (अर्धा माणूस, अर्धं यंत्र झालेला सायबॉर्ग तो हाच) म्हणजे हुडी घालून कोपऱ्यात उभा राहणारा एक उदास पोरगा. पेटीबद्दल माहिती हवी असली की त्याला विचारायचं. २०२१मध्ये तोच सिनेमाचा कणा आहे. कॉलेजातला फुटबॉलपटू, मॅचला बाप आलेला नाही, परतताना गाडीचा अपघात, आई गेली, आणि संशोधक बापाने पोराला वाचवण्यासाठी जे केलं ते पोराला शापासारखं वाटतंय. त्याच्याकडे जगातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही क्षेपणास्त्र तळावर डोकावण्याची ताकद आली आहे. ती हातात आल्यावर तो करतो काय? एक वेट्रेस आहे, पदरात मुलं, पैशांची मारामार. ती एटीएमसमोर उभी असताना तिच्या खात्यात रक्कम टाकतो आणि गप्प राहतो. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग आहे. एक गुद्दा नाही, एक स्फोट नाही. पण त्यानंतर तो पोरगा आपला होतो. २०१७च्या आवृत्तीत हा प्रसंग नाही.

बापाचं तर विचारूच नका. पहिल्यात बाप जिवंत राहतो, शेवटी बापलेक गोडीने काम करताना दिसतात. दुसऱ्यात तो पोराच्या डोळ्यांदेखत जळून जातो, आणि पेटी इतकी तापवून जातो की तिचा माग काढता यावा. त्याने मागे ठेवलेला आवाजाचा रेकॉर्डर व्हिक्टरने रागाने चुरडलेला असतो. शेवटी तोच तो दुरुस्त करून ऐकतो. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं तेव्हा. पोह्यातला कांदा असेल.

हीच गोष्ट व्हिलनची. २०१७चा स्टेपनवुल्फ का आलाय? जग जिंकायला. बरं, मग? २०२१मध्ये तो मालकाच्या मर्जीतून उतरलेला नोकर आहे. एकदा गद्दारी केली म्हणून हाकललेला, अजून पन्नास हजार जगं जिंकून द्यायची बाकी आहेत, ती फेडली की घरी परत घेतील या आशेवर वणवण करणारा. थोडक्यात, वसुलीला पाठवलेला कर्जबाजारी. तो मालकाच्या हस्तकासमोर मान खाली घालून बोलतो तेव्हा मला चक्क वाईट वाटलं.

सगळ्यांना एकत्र आणणारा सिनेमा म्हणजे पंगत. मार्व्हलने २०१२च्या पंगतीआधी पाच सिनेमे केले होते. पाहुणे आधीच ओळखीचे झालेले, नुसती पानं मांडायची होती. इथे सहातल्या तिघांची, म्हणजे विजेच्या वेगाने पळणारा फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन आणि सायबॉर्ग यांची, आपली धड ओळखही झालेली नव्हती. आणि स्टुडिओने कापलं काय, तर नेमकी ओळखच. पानं मांडली, श्लोक म्हटले, आणि शेजारी कोण बसलंय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

२०२१चं सगळंच भारी असं मुळीच नाही. स्लो मोशनचा अतिरेक आहे. अ‍ॅक्वामॅन आइसलंडच्या समुद्रात उतरतो तेव्हा किनाऱ्यावरच्या बायका गाणं म्हणतात आणि त्यातली एक त्याने टाकलेला स्वेटर हुंगते. हे चाललंय, चाललंय, चाललंय. आणि शेवटची वीस मिनिटं म्हणजे पाहुणे निघाल्यावर दारात उभं राहून मारलेल्या गप्पा. जोकर येतो, मंगळावरचा माणूस येतो, पुढच्या तीन सिनेमांची आमंत्रणं देतो. ते सिनेमे आलेच नाहीत.

तुमचं मत काय?

---

तिरकस_बाण

स्लो मोशन नेहमीच्या वेगाने चालवलं तर हाही सिनेमा दोन तासांतच बसतो. स्टुडिओने उगाच कात्री लावली, नुसतं फॉरवर्ड करायचं. (हलकेच घ्या.)

---

पोपटी_स्वेटर

स्वेटर हुंगणाऱ्या बाईबद्दल माझ्यासमोर काही बोलायचं नाही.

---

खोबरं_लसूण

सेमीफास्ट, लेख छान, पण आधी एक सांगा. २०२१च्या आवृत्तीला अमेरिकेत आर प्रमाणपत्र आहे. धडाधड मुंडकी उडतात, रक्त उडतं, बॅटमॅन शिव्या देतो. चौदा वर्षांच्या मुलाला दाखवताना ताईंना विचारलं होतं का?

आता विषयावर. मी अल्पमतातली. मला २०१७चा आवडतो. थिएटरमध्ये नवरा आणि मी असे दोघेच गेलो होतो, लेकीला आजीकडे ठेवून, कितीतरी महिन्यांनी. दोन तास हसलो, समोसे खाल्ले, घरी आलो. संगीतकार डॅनी एल्फमनने मध्येच १९८९च्या बॅटमॅनची स्वतःचीच धून वाजवली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. फ्लॅश भुयारात उतरण्याआधी घाबरतो आणि बॅटमॅन त्याला सांगतो की आधी एका माणसाला वाचव, मग पुढचं बघू. किती साधी, शहाणी गोष्ट आहे! ही व्हेडनची भर आहे आणि ती चार तासांच्या सिनेमात नाही.

आणि सुपरमॅन. ओठ बधिर असेल, पण तो हसतो तरी. लढाई सोडून अख्खी इमारत उचलून आतली माणसं वाचवतो. स्नायडरचा सुपरमॅन काळे कपडे घालून येतो आणि स्टेपनवुल्फचं शिंग कापतो. मला इमारत उचलणारा जास्त जवळचा वाटतो. सुपरहिरो लोकांना वाचवण्यासाठी असतात अशी माझी जुनाट समजूत आहे.

---

सेमीफास्ट

@खोबरं_लसूण, ताईला विचारलं नव्हतं. कृपया हा धागा तिला पाठवू नका.

'आधी एकाला वाचव' हा प्रसंग खरंच चांगला आहे, तो मी लिहायला विसरलो, चूक मान्य. पण त्याच सिनेमात तोच फ्लॅश वंडर वुमनवर पडतो तो 'विनोद'ही आहे. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

इमारतीबद्दल: तिथे ते रशियन कुटुंब मध्येमध्ये येतं ना, घराला खिळे ठोकणारं, झुरळांचं औषध हातात घेतलेली ती मुलगी. तुम्हाला ते कुटुंब आठवतंय का? मला शनिवारी पाहून रविवारी आठवेना. वेट्रेस अजून आठवते.

---

कात्रीवाला

अनेक वर्षं मालिकांचं एडिटिंग करतो, त्यामुळे दोन शब्द.

कमी मिनिटांचा सिनेमा जास्त लांब का वाटतो, हे आमच्या खोलीत रोज घडतं. एपिसोड लांबला की चॅनलकडून फोन येतो, पाच मिनिटं काढा. नवखा एडिटर काय काढतो? ज्यात 'काही घडत नाही' ते. म्हणजे बघणं, थांबणं, दार उघडून आत येणं. राहतात नुसते संवाद आणि घटना. मग प्रेक्षकाला दम घ्यायला जागा उरत नाही आणि तो म्हणतो, बोअर झालं. वेळ घड्याळात कमी होतो, डोक्यात वाढतो.

अ‍ॅमेझॉन बायकांचा (वंडर वुमनच्या जमातीतल्या योद्ध्या) पेटी घेऊन पळण्याचा प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत बघा. २०१७मध्ये तो पाठलाग आहे. घोडे, बाण, पेटी हिच्याकडून तिच्याकडे, संपलं. २०२१मध्ये राणी आधी हुकूम देते, ज्या मंदिरात पेटी आहे ते बंद करा, आणि आत अजून तिच्याच बायका लढतायत. आतल्यांना कळलंय की दार बंद होणार आहे. एकमेकींकडे बघतात, हातोडे चालतात, अख्खा डोलारा समुद्रात कोसळतो. त्यानंतर जो पाठलाग सुरू होतो त्याला वजन आलेलं असतं. कारण त्या पेटीसाठी किती जणींनी जीव दिला हे आपण बघितलंय. पाठलाग तोच आहे हो. वजन आधीच्या दोन मिनिटांचं आहे.

तसाच फ्लॅशचा पहिला प्रसंग, जो २०१७मध्ये पूर्णच उडाला. ट्रकने गाडीला धडक दिलेली, मुलगी हवेत, हॉटडॉगच्या गाडीवरचे सॉसेज हवेत, आणि हा त्या सगळ्यातून सावकाश वाट काढत तिच्यापर्यंत जातो. निघताना बूट फाटतो. जाता जाता एक सॉसेज उचलून ठेवतो, कारण तो नोकरीसाठी आलाय ती कुत्री सांभाळायची आहे. इथे स्लो मोशन शोभेचं नाही, तोच त्याचा वेग आहे. बाकी ठिकाणी स्लो मोशन शोभेचं आहे, याच्याशी सहमत.

आणि हो, कुणी विचारण्याआधीच सांगतो: २०२१ची चौकट जवळजवळ चौकोनी का? टीव्ही बिघडलेला नाही. ४:३ आहे. स्नायडरला आयमॅक्सच्या उंच पडद्यासाठी चित्र वर-खाली मोकळं हवं होतं, फिल्मवर तसंच टिपलंही होतं, म्हणून त्याने ते न कापता ठेवलं. घरच्या रुंद टीव्हीवर मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

---

तिरकस_बाण

म्हणजे सात कोटी डॉलर जास्तीचे घालून त्यांनी आम्हाला दूरदर्शनच्या काळात नेलं. मध्ये 'व्यत्यय'ची पाटी दाखवली असती तर लघुशंकेची सोय झाली असती.

---

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत १८ मार्च २०२१ला एचबीओ मॅक्सवर आला. करोनामुळे घरूनच काम होतं, रजा टाकून बघितला. असला मूर्खपणा आयुष्यात पहिल्यांदा केला आणि पस्तावलो नाही.

पण तो येण्यामागची चळवळ इथे कुणी लिहिली नाही. चाहत्यांनी सुमारे अडीच वर्षं 'स्नायडर कट सोडा' म्हणून रान उठवलं. हॅशटॅग, जाहिरातींचे फलक, कॉमिक-कॉनच्या (कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा) वेळी आकाशात विमानामागे फडकवलेला फलक, सगळं झालं. त्याच लोकांनी स्नायडरच्या मुलीच्या आठवणीसाठी आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेला लाखो डॉलर जमवून दिले. सिनेमाच्या शेवटी 'ऑटमसाठी' अशी ओळ येते, ऑटम हे त्या मुलीचं नाव. बापलेकाच्या गोष्टीने संपणारा सिनेमा त्या ओळीवर येऊन थांबतो, तेव्हा सेमीफास्टच्या पोह्यातला कांदा माझ्याकडेही आला.

दुसरी बाजू अशी की याच गर्दीतल्या काहींनी स्टुडिओच्या लोकांना, समीक्षकांना अर्वाच्य शिव्या घातल्या, धमक्या दिल्या. २०२२मध्ये तर 'रोलिंग स्टोन'ने छापलं की स्टुडिओच्या चौकशीत त्या मोहिमेतली किमान १३ टक्के खाती बनावट निघाली. म्हणजे उरलेले फार तर ८७ टक्के खरे होते, त्यातला एक मी. पण शेजारी कोण ओरडत होतं हे मला ठाऊक नव्हतं, हेही खरं.

---

घाटावरचा

पंगतीची उपमा पटली, पण सगळं खापर कात्रीवर फोडायला मी तयार नाही. मुळात चूक घाईची. मार्व्हलने २००८ ते २०११ पाच सिनेमे करून मग सगळ्यांना एकत्र आणलं. डीसीने 'मॅन ऑफ स्टील' २०१३मध्ये केला आणि २०१६च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये लगेच सुपरमॅनला मारलंसुद्धा! ('जस्टिस लीग'मध्ये तो परत जिवंत होतो.) ज्याच्याशी आपली नीट मैत्री झाली नाही त्याच्या तेराव्याला आपण रडायचं कसं? स्नायडरच्या चार तासांची सुरुवातच त्याच्या मरतानाच्या किंकाळीने होते, ती जगभर घुमते आणि पेट्या जाग्या होतात. दृश्य जबरदस्त आहे. पण दुःख उसनं आहे.

आणि मजा बघा. ज्या अ‍ॅक्वामॅनची ओळख नाही म्हणून आपण रडतोय, त्याचा स्वतःचा सिनेमा डिसेंबर २०१८मध्ये आला आणि जगभरात ११० कोटी डॉलरच्या वर गेला. 'जस्टिस लीग' साधारण ६५ कोटींवर अडकला होता. तोच नट, तीच दाढी. आधी त्याचा सिनेमा, मग पंगत असं केलं असतं तर? सायबॉर्गचा सिनेमा तर २०१४मध्ये जाहीर होऊनही बनलाच नाही.

---

खोबरं_लसूण

@घाटावरचा, 'दुःख उसनं आहे' याला मोदक. पण मग मार्थाबाई (सुपरमॅनची आई) आणि लोइस (त्याची प्रेयसी) यांचा प्रसंग घ्या. सासू म्हणावी अशी बाई येते, दोघी सुपरमॅनसाठी रडतात, ती लोइसला सांगते की पुन्हा जगायला लाग. चार तासांत मला पहिल्यांदाच आत काहीतरी हललं. आणि दाराबाहेर पडल्यावर कळतं की ती मार्था नव्हतीच, मंगळावरचा हिरवा बाप्या वेषांतर करून आला होता! अरे, निदान रडलेलं तरी खरं असू द्या.

---

कात्रीवाला

@खोबरं_लसूण, १००% सहमत. दहा सेकंदांत पाच मिनिटांची कमाई उडवली. मी एडिटर असतो तर दार बंद झालं तिथेच कट.

---

सेमीफास्ट

@घाटावरचा, घाईचा मुद्दा मान्य. पण उसन्या दुःखावरही चांगला सिनेमा होऊ शकतो, फक्त त्याची फेड दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या दुःखाने करावी लागते. इथे ती व्हिक्टरने केली. शेवटच्या लढाईत हे लोक खरं तर हरतात. पेट्या एक होतात, सगळे भस्म होतात. मग फ्लॅश इतका जोरात पळतो की गेलेला क्षण मागे येतो, पायाखालची जमीन परत जुळत जाते, आणि तो पळताना बापाशी बोलत असतो. व्हिक्टर पेट्यांच्या आत शिरतो तेव्हा त्या त्याला आईबाप दाखवतात, धडधाकट शरीर दाखवतात, ये म्हणतात. तो नाही म्हणतो. दोन पोरं, दोघांच्या पाठीशी बाप. सुपरमॅन तोवर बाहेर शिंगं कापत बसलाय, कापू दे. २०१७मध्ये याच ठिकाणी फ्लॅश ते रशियन कुटुंब ट्रकमधून ढकलत नेतो.

आणि व्हिक्टर साकारणाऱ्या रे फिशरचं नाव घ्यायचं राहिलं. जुलै २०२०मध्ये त्याने व्हेडनच्या सेटवरच्या वागणुकीबद्दल जाहीर आरोप केले. व्हेडनने पुढे मुलाखतीत ते नाकारले. आपण सेटवर नव्हतो. पण आपलं काम कापलं गेलेला नट चार वर्षांनी पडद्यावर पूर्ण दिसला की त्याने काय केलं होतं हे तरी कळतं. चेहऱ्याचा अर्धा भाग धातूचा, उरलेल्या अर्ध्यात एवढं सगळं.

---

पोपटी_स्वेटर

ब्लॅक अँड व्हाइट आवृत्तीही आहे म्हणे, 'जस्टिस इज ग्रे'. कुणी पाहिली?

---

तिरकस_बाण

आमच्याकडे टीव्ही बिघडला होता तेव्हा सगळेच सिनेमे तसे पाहिलेत.

---

सेमीफास्ट

अपडेट: ताईला कळलं. भाच्यानेच सांगितलं. मुंडक्यांबद्दल नाही, तर "आई, बाबा माझ्या मॅचला एकदाही का येत नाहीत?" असं जेवताना विचारलं म्हणे. भावोजींचा मला फोन आला होता, कुठला सिनेमा दाखवलास विचारत होते. नाव सांगितलं. म्हणाले, किती तासांचा आहे? चार म्हटल्यावर जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, रविवारी येतो.